जी+३ (तळमजला आणि वर तीन मजले) आरसीसी इमारतीसाठी स्टाड प्रो या संरचना-विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये बीमवर भिंतीचा आणि स्लॅबचा वितरित भार कसा द्यायचा? जीवाय, वाय आणि पीवाय यांतली कोणती दिशा निवडायची?

जी+३ आरसीसी इमारत आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणून तेच धरून सांगतो. दिशेचा गोंधळ नंतर सोडवू, आधी आकडा.

भिंतीचा भार किलोन्यूटन प्रति मीटरमध्ये काढायचा. मजल्याची उंची ३ मीटर आणि वरच्या बीमची खोली ४५० मिमी असेल, तर भिंत २.५५ मीटरच. २३० मिमी वीटकामाची घनता २० किलोन्यूटन प्रति घनमीटर धरली, तर ०.२३ × २.५५ × २० = ११.७. आतून १२ आणि बाहेरून २० मिमी गिलावा धरला की आणखी साधारण १.७. म्हणजे १३.४ किलोन्यूटन प्रति मीटर. एएसी (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचे) ब्लॉक असतील तर हा आकडा निम्म्याच्याही खाली येतो, त्यामुळे वास्तुविशारदाला विचारल्याशिवाय जुन्या फाइलमधला आकडा उचलू नका. दारं-खिडक्या लहान असतील तर मी वजा करत नाही. गच्चीच्या बीमवर फक्त पॅरापेट, म्हणजे कठडा असतो. खालच्या मजल्यांचे लोड कॉपी करताना तिथेही पूर्ण भिंत चढते, ही चूक फार दिसते. उलट तळमजल्याच्या भिंती प्लिंथ बीमवर (जोत्याच्या पातळीवरच्या बीमवर) द्यायच्या राहून जातात.

द्यायची पद्धत: लोड केस डिटेल्समध्ये डेड लोडची केस बनवा, ती निवडून अ‍ॅड, मग मेंबर लोड, त्यात युनिफॉर्म फोर्स. डब्ल्यू१ मध्ये -१३.४, दिशा जीवाय. डी१, डी२ शून्य ठेवले तर भार पूर्ण लांबीवर जातो. मग बीम निवडून असाइन करा. लोडच्या नावापुढे प्रश्नचिन्ह दिसतंय तोवर तो कुठेच लागलेला नाही.

भिंत अर्ध्याच बीमवर असेल तर डी१ आणि डी२ ही भाराच्या सुरुवातीची व शेवटाची अंतरं, दोन्ही बीमच्या स्टार्ट नोडपासून मोजलेली. बीम उजवीकडून डावीकडे काढलेला असेल तर भिंत भलत्याच टोकाला जाते. आकृतीत बाण पाहिल्याशिवाय हे कळत नाही.

आता दिशा. जीवाय म्हणजे जागतिक उभा अक्ष, वरची दिशा धन, म्हणून खालचा भार ऋण. नुसता वाय म्हणजे मेंबरचा (बीम किंवा कॉलमचा) स्वतःचा, म्हणजे स्थानिक अक्ष. आडव्या, न फिरवलेल्या बीमवर दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून फरक लक्षात येत नाही. बीटा अँगल (मेंबर स्वतःच्या लांबीभोवती फिरवण्याचा कोन) दिला किंवा मेंबर तिरका झाला की वाय उभा राहत नाही. पीवायमध्ये भार उभाच असतो, पण मेंबरच्या आडव्या प्रक्षेपित लांबीवर मोजला जातो. तुमच्या सपाट स्लॅबला याची गरज नाही. उतरत्या छपराला मात्र आहे: पत्र्याचं वजन तिरक्या लांबीवर येतं म्हणून जीवाय, लाइव्ह लोड प्लॅनवरच्या क्षेत्रफळावर असतो म्हणून पीवाय, वारा पृष्ठभागाला काटकोनात म्हणून स्थानिक अक्ष. ३० अंशांच्या उतारावर लाइव्ह लोड चुकून जीवायने दिला तर तो सुमारे १५ टक्के जास्त भरतो.

स्लॅबचा भार फ्लोअर लोडवर (प्रति चौ. मीटर भार देऊन तो बीमांवर वाटणाऱ्या सोयीवर) सोडा, असं माझं मत. ४ × ५ मीटरचा, १२५ मिमी जाडीचा स्लॅब घ्या: स्वतःचं वजन ३.१२५, फिनिश १, एकूण ४.१२५ किलोन्यूटन प्रति चौ. मीटर. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे कोपऱ्यांतून ४५ अंशांच्या रेषा काढल्या की ४ मीटरच्या बीमवर त्रिकोण येतो, मधोमध ८.२५ किलोन्यूटन प्रति मीटर आणि एकूण १६.५ किलोन्यूटन. हेच १६.५ चार मीटरवर सारखे पसरले तर मध्यावरचा मोमेंट, साध्या टेकूचा बीम धरून, ८.२५ किलोन्यूटन-मीटर येतो, खरा ११ आहे. पाव मोमेंट गायब! ५.५ किलोन्यूटन प्रति मीटरचा समतुल्य यूडीएल (समान वितरित भार) दिला तर मोमेंट जुळतो, पण कॉलमवर जास्तीचा भार जातो. फ्लोअर लोड ही त्रिकोण-समलंब वाटणी स्वतः करतो. लांबी रुंदीच्या दुपटीहून जास्त असेल तर वन-वे लोड (एकाच दिशेने वाटणी करणारा) वापरा.

फक्त पॅनल चारही बाजूंनी मेंबरनी बंद हवं आणि सगळे नोड एकाच पातळीवर हवेत. दुय्यम बीम मुख्य बीमला नुसता टेकलेला दिसतो पण तिथे सामाईक नोड नसतो, तेव्हा वाटणी बिघडते. स्लॅबचं वजन फ्लोअर लोडमध्ये दिलं असेल तर त्याच जागी वजनासह प्लेट (मॉडेलमधला स्लॅबचा घटक) ठेवू नका, ते दुप्पट होईल.

रन करताना स्टॅटिक्स चेक (दिलेला एकूण भार आणि आधारांच्या प्रतिक्रिया यांचा ताळा) छापून घ्या. वरच्या पॅनलची बेरीज हाताने ८२.५ किलोन्यूटन येते: त्रिकोणांचे ३३, समलंबांचे ४९.५. अशीच पूर्ण मजल्याची बेरीज करा आणि त्या केसमधल्या उभ्या भाराशी ताडून पाहा. सेल्फवेट वाय -१ (मेंबरचं स्वतःचं वजन खालच्या दिशेने) त्याच केसमध्ये असेल तर बीम-कॉलमचं वजनही मोजा.

आणि भूकंपाच्या व्याख्येत मेंबर वेट, फ्लोअर वेट भरताना ऋण चिन्ह लावू नका. तिथे वस्तुमानासाठी वजन धन आकड्यातच द्यायचं असतं.