पिस्टन मागवण्याआधी सीसी मोज
कॉम्प्रेशनला साजेसा पिस्टन निवडायचा तर आधी इंजिनच्या हेडचं चेंबर, म्हणजे सिलिंडरच्या झाकणातली ज्वलनाची पोकळी, किती सीसीची आहे ते मोज. स्पार्क प्लग लावून ठेव, कडेला ग्रीस फासून भोकाची ॲक्रिलिक पट्टी दाब आणि ब्युरेटने (खुणांच्या काचेच्या नळीने) पातळ तेल सोड; जेवढं मावेल तेवढे सीसी. एक बुडबुडा राहिला तरी आकडा चुकतो. 500 सीसीच्या सिलिंडरला 10:1 कॉम्प्रेशन रेशोसाठी (पिस्टन खाली असतानाची जागा भागिले वर असतानाची) पिस्टनच्या वरची एकूण जागा 55.6 सीसी लागते, 11:1 साठी 50. फरक जेमतेम साडेपाच सीसीचा! त्यात हेडखालच्या गॅस्केटची (सीलच्या पत्र्याची) जाडी आणि पिस्टनवरच्या खाचाही धरायच्या.

पिस्टनच्या उंच डोमपेक्षा (माथ्यावरच्या फुगवट्यापेक्षा) लहान चेंबरचं हेड आणि सपाट पिस्टन केव्हाही बरे. डोम ज्वालेच्या वाटेत येतो.

पिस्टनवर मॉडेलिंग क्ले थापून हेड बसव, क्रँक हाताने दोन फेरे फिरव, मग क्ले कापून जाडी बघ; तेवढंच पिस्टन आणि व्हॉल्व्हमधलं अंतर. इनटेकला 2, एक्झॉस्टला 2.5 मिमी तरी हवीच, नाहीतर व्हॉल्व्ह वाकतो. इंजिन चालवताना नॉकिंग (ठोकल्यासारखा आवाज) ऐकू आलं तर लगेच इग्निशन टायमिंग मागे घे, म्हणजे ठिणगी उशिरा पडू दे.