आजोबांच्या पेटीतलं ठासणीचं रिव्हॉल्वर : परवाना लागतो का?

प्रश्न : वडिलोपार्जित घर आवरताना आजोबांच्या पेटीत एक सहाबारी रिव्हॉल्वर सापडलं. त्यात काडतूस जात नाही, पुढून दारू ठासायची आणि मागे टोपी लावायची रचना आहे. नळीवर कोल्ट या अमेरिकी बंदूक कंपनीचं नाव दिसतं. भाऊ म्हणतो, शंभर वर्षांपुढची वस्तू आहे, परवाना लागत नाही. मेव्हणे म्हणतात, ही नक्कल आहे, शोभेची समजा. परदेशातला एक संग्राहक घ्यायला तयार आहे. आम्ही काय करावं?

उत्तर : दोघांचंही ऐकू नका. शंभर वर्षांची अट पुरावस्तू आणि कलानिधी अधिनियम, १९७२ मधली आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ शी तिचा संबंध नाही. शस्त्र कायद्याची सूट कलम ४५ (सी) मध्ये आहे. शस्त्र कालबाह्य घडणीचं, पुरातन मोलाचं किंवा नादुरुस्त असावं आणि दुरुस्ती करून वा न करता ते बंदूक म्हणून वापरता येऊ नये, अशी तिची भाषा आहे. हा दुसरा भाग लोक वाचतच नाहीत. गंजून अडकलेलं सिलिंडर (गोळ्यांच्या घरांचं फिरतं नळकांडं), तुटलेली कमान, हरवलेलं निपल (टोपी बसते ते मागचं टोक) ही सगळी दुरुस्त होणारी कामं आहेत, त्यावर सूट मागू नका. नळी फाटलेली असेल किंवा सिलिंडरच्या भिंती खाऊन गेल्या असतील तर बोलता येईल, पण तसं तज्ज्ञाने लिहून द्यावं लागतं.

नक्कल असेल तर सुटलो, हेही खरं नाही. जस्ताच्या मिश्रधातूची शोभेची नक्कल वेगळी. तिच्या चौकटीला लोहचुंबक चिकटत नाही आणि तिच्यातून गोळी सुटत नाही. मात्र १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून इटलीत बनत आलेल्या पोलादी नकला चालणाऱ्या आहेत. कायद्याच्या नजरेत ती सरळसरळ आधुनिक बंदूक, पुरातन मोलाचा आधारही तिला नाही.

ओळख पटवण्याआधी ते भरलेलं आहे का ते पाहा. दीडशे वर्षं जुनी काळी दारूही पेटते. घोड्याला हात न लावता, नळी कुणाकडेही न रोखता, बाजूने विजेरी मारा. निपलवर तांब्याची टोपी किंवा सिलिंडरच्या घरांच्या तोंडाशी शिशाचा गोळा दिसला तर तिथेच थांबा. गोळा उकरून काढायचा नाही.

मग भिंग घ्या, पेच खोलू नका. कोल्टच्या १८५१ च्या नेव्ही नमुन्यात चौकट, नळीचा बुडखा, चापाचं कडं आणि मुठीची पट्टी यांवर एकच क्रमांक असतो. आकडे जुळत नसतील तर भाग बदललेले आहेत. कोल्टचा लंडनचा कारखाना १८५३ ते १८५६ चालला. तिथल्या मालावर मुकुटाखाली व्ही आणि मुकुटाखाली जीपी अशा लंडनच्या चाचणीच्या खुणा सापडतात. इटालियन नकलेवर पीएन ही अक्षरं, तारा आणि चौकोनातला सालाचा संकेत असतो. एए म्हणजे १९७५. ‘ब्लॅक पावडर ओन्ली’ दिसलं तर शंकाच नको. विकणारे या खुणा कानशीने घासतात, म्हणून ठासणीच्या दांड्याखाली आणि चौकटीच्या उजव्या अंगाला बोट फिरवा, उथळ खळगा लागतो. तेजाबाने आणलेला गंज सगळीकडे सारखा असतो आणि त्याखालची अक्षरं मात्र कोरी करकरीत. खऱ्या झिजेत अक्षरांच्या कडाही बोथटतात. चौकट पितळी असेल तर बहुतेक नक्कलच, कारण कोल्टच्या नेव्हीची चौकट लोखंडी होती.

एक गोष्ट मात्र आवर्जून पाहा : सिलिंडर मागून आरपार कोरलेलं आहे का? अनेक जुनी रिव्हॉल्वरं नंतर काडतुसासाठी बदलली गेली. तसं असेल तर ४५ (सी) चा विचारही सोडा.

आता तुमचा प्रश्न. विनापरवाना बंदूक बाळगल्यास कलम २५ (१बी) खाली २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन ते पाच वर्षांची कैद आणि दंड आहे. ताबा जाणीवपूर्वक असावा लागतो हे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्येच म्हटलं, पण तुम्ही मला पत्र लिहिलंत, म्हणजे ‘माहीत नव्हतं’ हा बचाव तुम्हीच संपवलात! म्हणून उशीर नको. आजोबांच्या नावचा परवाना शोधा. मग सापडल्याची तारीख, जागा, खुणा आणि फोटो यांसह ठाण्यात लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि पोलिसांना घरी येऊन पंचनामा करून ताब्यात घेण्याची विनंती करा. स्वतः पिशवीत घालून नेऊ नका, वाटेत अडवलं तर ते विनापरवाना शस्त्र नेणंच ठरेल. चालतं का याचा अहवाल न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडून मागवण्याची विनंती त्याच अर्जात करा. ते बाद ठरलं तर कलम ४५ (सी) चा आधार घेऊन परत मागता येईल. चालतं ठरलं आणि जुना परवाना सापडला, तर शस्त्र नियम, २०१६ खाली वारस म्हणून अर्ज करता येतो. त्यासाठी भावाचं आणि इतर वारसांचं ना-हरकत शपथपत्र जोडा. पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत हा अर्ज आयुक्तांकडे, एरवी जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे जातो.

नळीत शिसं ओतून किंवा वेल्डिंग करून स्वतःच ते निकामी करायला जाऊ नका. बंदुकीत फेरफार, दुरुस्ती, चाचणी, सगळ्याला कलम ५ खाली परवाना लागतो, शिवाय पुरावा बिघडवला असं दिसतं. विनापरवाना विक्रीसाठी मांडणंही त्याच कलमात येतं, तेव्हा संग्राहकाला किंमत कळवणं आजच थांबवा. शंभर वर्षांपुढचं अस्सल निघालं तरी १९७२ च्या कायद्यानुसार खासगी व्यक्तीला पुरावस्तू परदेशी पाठवता येत नाही.