देव न मानणारा मुलगा बहिणीसाठी कसा चालेल? त्याच्या नीतीचा भरवसा काय?

प्रश्न वाचून डोकं तापलं, म्हणून लिहितोय. मुलगा निर्व्यसनी, नोकरी चांगली, पण देव मानत नाही म्हणून तुमच्या घरचे विचारतायत, "मग हा भिणार कशाला?" आमच्या बाबांनी हे जन्मभर ऐकलं.

आमचं गाव तळकोकणात. आमच्या आणि चुलतकाकांच्या बागेमधला चिऱ्याचा गडगा एका पावसाळ्यात ढासळला. काकांनी तो परत रचताना असा सरकवला की आमची हापूसची दोन कलमं पलीकडे गेली. गावकीने ठरवलं, दोघांनी देवळात नारळावर हात ठेवून हद्द सांगायची. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणाले. काकांनी पापणीही न लववता नारळ उचलला. बाबा म्हणाले, "मी देव मानत नाही. न मानता त्याची शपथ घेतली तर ते पहिलं खोटं. मोजणी आणा, पैसे मी भरतो."

झालं! खोटा आहे म्हणून घाबरला, असा निकाल लागला. अहो, ज्याला देवाचं भयच नाही त्याला खोटी शपथ घेणं सगळ्यांत सोपं, एवढंही कुणाच्या डोक्यात आलं नाही. भाऊबंदकी नको म्हणून आईने हात जोडले आणि मोजणी राहिली. त्याच शिमग्यात काकांनी राखणदाराला, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाला, कोंबडा दिला, 'चुकलंमाकलं पोटात घाल' म्हणून. हे काकूनेच आईला सांगितलं.

कोर्टात बाबांची अडचण झाली नसती. १९६९च्या शपथ कायद्यात देवाचं नाव न घेता प्रतिज्ञेवर साक्ष देता येते. आमदारही ईश्वरसाक्ष शपथेऐवजी 'गांभीर्यपूर्वक दृढकथन' करू शकतात. गावाला हे कोण सांगणार? देवाधर्मापेक्षा बुद्धी मानणाऱ्या सुधारक आगरकरांची तर पुण्यातल्या सनातन्यांनी जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. ते काय नीती सोडलेले होते? आणि बौद्ध लोक पंचशील घेतात, त्यात देव कुठे आहे?

देव मानणारे सगळे काकांसारखे, असं मात्र नाही हं. विठ्ठलाचं देऊळ दलितांना खुलं व्हावं म्हणून १९४७ साली साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले, ते भक्तीच्याच बळावर. आणि नास्तिकांत लबाड नसतात असंही नाही, आमच्या ऑफिसातच एक आहे.

तेव्हा मुलाचं देवघर बघू नका. त्याने कुणाचे पैसे बुडवलेत का, नुकसान होत असताना खरं बोललाय का, हे त्याच्या सोबत काम करणाऱ्यांना विचारा. बाकी पत्रिका वगैरे तुमचं तुम्ही बघा.

आमचा थोरला भाऊ अजून म्हणतो, "नारळाला हात लावला असता तर बाबांचा हात झिजला असता का?" दादा, कलमं दोनच गेली. पतपेढीत तुला चिकटवताना मॅनेजर म्हणाले होते, "यांचा मुलगा ना, मग जामीनदार नको." तो पगार तू अजून घेतोयस.