ताकद वाढवायची, पण गिअरबॉक्सचे पैसे कुठे आहेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: टोइंगची डिझेल गाडी आहे, कर्जाचे हप्ते अजून दोन वर्षं जायचेत. ट्यूनिंगवाला ईसीयूचा, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचा, मॅप (इंधन कधी, किती द्यायचं याचं सेटिंग) बदलून ३० टक्के ताकद वाढवून देतो म्हणतो. क्लच, गिअरबॉक्स, डिफरन्शियल (चाकांना ताकद वाटून देणारा एक्सलमधला भाग) सगळं कंपनीचंच राहणार आणि ‘आरामात झेपेल’ असा त्याचा शब्द. यात तुमची निम्मी बचत जाईल. करावं का?

३० टक्के तर नकोच. त्याहून कमी करायचं की नाही, ते पुढे सांगतो.

किती झेपेल याचा सगळ्यांना लागू पडणारा एक आकडा नसतो. पण कंपन्या स्वतः काय करतात ते बघा. २०१३ सालच्या रॅम या अमेरिकन कंपनीच्या हेवी ड्युटी पिकअपमध्ये कमिन्सचं ६.७ लिटरचं डिझेल इंजिन होतं. मॅन्युअल गिअरबॉक्सबरोबर त्याचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) सुमारे ८९५ न्यूटन-मीटर ठेवला होता, एका ऑटोमॅटिकबरोबर १,०८५ आणि त्याहून दणकट ऑटोमॅटिकबरोबर १,१५० च्या आसपास. इंजिन तेच. म्हणजे आकडा ठरवताना मागे काय जोडलंय हे कंपनीनेही आधी पाहिलं. तुमच्या ट्यूनिंगवाल्याने ते पाहिलंय का?

शिवाय इंजिनवर वाढवलेला टॉर्क मागे पोचेपर्यंत कितीतरी पट होतो. पहिल्या गिअरचं गुणोत्तर ४ आणि डिफरन्शियलचंही ४ धरा: इंजिनला १०० न्यूटन-मीटर वाढवले की एक्सलवर १,६०० च्या आसपास वाढतात. रिकाम्या गाडीत हे फारसं जाणवत नाही, कारण चाकं फिरून सुटतात. तुमच्या मागे अख्खी गाडी लटकलेली असते, चाक घसरत नाही, मग तो ताण प्रॉपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्सपासून एक्सलपर्यंतच्या दांड्याच्या) क्रॉसवर, म्हणजे सांध्यावर, आणि डिफरन्शियलमधल्या क्राऊन-पिनियन गिअरवर जातो.

मॅन्युअल गाडीत बहुतेक वेळा आधी बोलतो तो क्लच. वरच्या गिअरमध्ये चढावर आरपीएम चढतो, वेग तेवढाच राहतो, जळका वास येतो. लोक मग हेवी ड्युटी क्लच बसवतात आणि प्रश्न सुटला असं समजतात. हे फ्यूज उडतो म्हणून तिथे जाड तार घालण्यासारखं आहे. घसरणारा क्लच गिअरबॉक्सला वाचवत होता. आता पुढचा कमकुवत भाग शोधला जाईल आणि तो क्लच प्लेटच्या भावात मिळत नाही.

आता पैशाचं. जास्त ताकदीने कमाई किती वाढेल? एका कामात वीस मिनिटांचा चढ आहे, तिथे ४० च्या जागी ५० चा वेग मिळाला असं धरू. वाचली चार मिनिटं. दिवसाला पाच कामं असतील तर वीस मिनिटं. त्यात सहावं काम बसत नाही, कारण तुमचा वेळ गाडी चढवण्या-उतरवण्यात आणि फोनची वाट बघण्यात जातो. गाडीची ओढायची अधिकृत मर्यादाही मॅप बदलून वाढत नाही; ब्रेक, एक्सल, चासी आहे तेच आहे. म्हणजे जास्त दराची जड कामंही घेता येणार नाहीत.

तोट्याच्या बाजूला गिअरबॉक्सचा खर्च तर आहेच, पण मला जास्त भीती उभ्या गाडीची वाटते. ती कामाला नसली तरी हप्ता थांबत नाही, आणि निम्मी बचत तुम्ही आधीच मॅपमध्ये घातलेली असेल. वॉरंटी असेल तर तीही अडचणीत येते. विमा कंपनीला बदल कळवला नाही तर मोठ्या दाव्याच्या वेळी तोच मुद्दा पुढे येऊ शकतो. डीपीएफ (धुरातली काजळी गाळणारा फिल्टर) किंवा ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात फिरवून प्रदूषण कमी करणारी यंत्रणा) काढून टाकायचा सल्ला मिळाला, तर तिथूनच उठा. अनेक देशांत ते बेकायदा आहे.

बचतीला हात न लावता, दोन-तीन महिन्यांच्या नफ्यातून आधी एक्झॉस्टच्या तापमानाचा मीटर बसवा. लांब चढावर, भरल्या ओझ्याने काटा ७०० अंश सेल्सिअसकडे सरकत असेल, तर इंजिनला आहे तेवढंच काम पुरे आहे. इंधन वाढवलं की पिस्टन आणि टर्बोवरची उष्णता आणखी वाढेल. क्लचची जाडी तपासून घ्या, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचं ऑइल बदला. चढावर गाडी फारच रखडत असेल तर एक्सलचं गुणोत्तर बदलून मिळतं का विचारा. इंजिनला न छेडता ओढ वाढते. सपाट रस्त्यावर थोडं डिझेल जास्त जाईल, एवढंच.

हे सगळं नीट निघालं आणि क्लच-गिअरबॉक्सच्या कामाएवढी रक्कम वेगळी बाजूला पडली, तर १० टक्क्यांच्या आसपासचा, खालच्या आरपीएमला टॉर्क रोखून धरणारा मॅप करायला माझी हरकत नाही. ट्यूनिंगवाल्याकडून तीन गोष्टी लेखी घ्या: तुमच्या गिअरबॉक्सची टॉर्कची मर्यादा, मॅपनंतरचा सर्वाधिक टॉर्क आणि तो कोणत्या आरपीएमला येतो. पहिला आकडा त्याला सांगता आला नाही, तर दुसरा माणूस शोधा.