रीफ टँकमध्ये (म्हणजे खाऱ्या पाण्याच्या, प्रवाळांच्या काचेच्या टाकीत) अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन, म्हणजे पाणी शुद्ध करणारा सच्छिद्र कोळसा, कायम ठेवावा का? त्याने ट्रेस एलिमेंट (आयोडीन, तांबं यांसारखी पाण्यात अगदी थोडी असणारी मूलद्रव्यं) निघून जातात का?

कायम ठेवा. "पाणी पिवळं दिसलं की चार दिवस घालायचा आणि काढून टाकायचा" हे तुम्हाला ज्यांनी सांगितलं ते बहुधा माझ्या भाऊजींच्या ओळखीतले असावेत. आमच्याकडे हा वाद दर सणावाराला होतो.

आमचा टँक सगळा सॉफ्ट कोरलचा, म्हणजे मऊ प्रवाळांचा. दगडी प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, त्या भानगडीत मी पडत नाही. लेदर, सिन्युलारिया, झेनिया, झोआ या मऊ जाती, एवढंच. पण कार्बनची खरी गरज याच मंडळींना. लेदर आणि सिन्युलारिया शेजाऱ्याने जागा बळकावू नये म्हणून टर्पीन जातीची रसायनं पाण्यात सोडतात. समुद्रात ती वाहून जातात. तीनशे लिटरच्या काचेत कुठे जाणार?

गणपतीत भाऊजी आले होते. लेदर चांगला ताटलीएवढा झालेला, तर म्हणे एक तुकडा मला हवा. मी म्हटलं, विसर्जन होऊ द्या, बादलीत काढून नीट कापू. मी मोदकांत गुंतलेली, आणि भाऊजींनी परस्पर ब्लेड घेऊन टँकमध्येच कापला! त्याआधी संपमधली (टँकचं पाणी जिथून फिरून येतं त्या खालच्या टाकीतली) कार्बनची पिशवीही काढून ठेवली होती, "उगाच आयोडीन खातोय" म्हणून. कापल्या जागेतून पांढरट चिकट तारा सुटत होत्या. संध्याकाळच्या आरतीपर्यंत सगळे झोआ मिटले, झेनियाची उघडझाप थांबली आणि स्किमरचा (फेसाबरोबर घाण बाहेर काढणाऱ्या यंत्राचा) कप फेसाने वाहू लागला. पाहुण्यांना वाटलं, साबण पडला.

मी नवा कार्बन आरओच्या पाण्यात, काळं पाणी जाईपर्यंत धुतला आणि संपमध्ये सगळं पाणी जिथून जातं तिथे पिशवी अडकवली. सकाळी झोआ उघडे. भाऊजींचं म्हणणं, ते आपोआपच उघडले असते. असतीलही. पण चालू असलेली पिशवी काढायची घाई कोणाला झाली होती?

आता ते आयोडीन. कार्बनच्या पाकिटावर "आयोडीन नंबर" छापलेला असतो, सगळा घोळ तिथून सुरू होतो. एक ग्रॅम कार्बन किती मिलिग्रॅम आयोडीन धरतो हे प्रयोगशाळेत मूलद्रव्य आयोडीनचं द्रावण वापरून मोजतात. कार्बनची छिद्रं किती आहेत ते कळावं म्हणून. समुद्राच्या पाण्यात आयोडीन असतं ते आयोडाइड आणि आयोडेटच्या रूपात, आणि कार्बन ते फारसं धरत नाही. सेंद्रिय पदार्थांना चिकटलेले तांब्यासारखे धातू थोडे जातात, नाही असं नाही. पण तुम्ही नेमाने पाणी बदलत असाल तर नव्या मिठातून ते परत येतात. वर्ष वर्ष पाणी न बदलणाऱ्यांनी मला ट्रेस एलिमेंट शिकवू नयेत.

प्रमाण? शंभर लिटरला अर्धी वाटी, तीन-चार आठवड्यांनी नवा. एकदम ढीगभर घालण्यापेक्षा थोडा थोडा आणि वेळेवर बदललेला बरा. आपल्या बाजारात नारळाच्या करवंटीचा कार्बन सहज मिळतो. त्याची छिद्रं फार बारीक असल्याने तो पिण्याच्या पाण्यातल्या क्लोरीनला उत्तम. पिवळेपणा आणणारे मोठे रेणू काढायला दगडी कोळशाचा चांगला. नायट्रेटसाठी मात्र कार्बनकडे बघूच नका, तो त्याचा प्रांत नाही.

हो, एक राहिलं. आजवर कधीच कार्बन घातला नसेल तर पहिल्यांदा निम्माच घाला. पाणी एकदम नितळ झालं की प्रकाश जास्त खोल पोचतो आणि कोरल भाजून निघतात, तेव्हा दिवेही थोडे दिवस मंद ठेवा. नवा ब्रँड आणलात तर मूठभर कार्बन रात्रभर आरओच्या पाण्यात ठेवून त्या पाण्याची फॉस्फेट टेस्ट करा, काही कार्बन फॉस्फेट सोडतात. आणि टँग, म्हणजे सर्जन मासे, पाळत असाल तर लिग्नाइटचा (तपकिरी कोळशाचा) कार्बन घेऊ नका: २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात त्याने सर्जन माशांच्या डोक्यावर आणि अंगावरच्या रेषेवर कातडी झिजली होती.