इतिहासाच्या तासाला नेमका कोणता काळ? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या शाळेत सहावी ते आठवीच्या इतिहासाचं वार्षिक नियोजन करायचं आहे. सगळे धडे 'पूर्ण' करायला गेलं की एकही धड होत नाही. कोणत्या काळावर भर द्यायचा, हे कशावरून ठरवावं? (एक शिक्षिका, सातारा जिल्हा)

उत्तर : आधी तासिका मोजा. आठवड्याला दोन धरल्या आणि परीक्षा, सुट्ट्या, स्नेहसंमेलन वजा केलं, तर वर्षाला साठेक तासिका उरतात. त्यातल्या पंधरा राज्यशास्त्राला जातात. राज्य मंडळाच्या आठवीच्या पुस्तकात इतिहासाचे चौदा धडे आहेत, म्हणजे धड्याला जेमतेम तीन तासिका. तेवढ्यात धडा वाचून होतो आणि स्वाध्यायाची उत्तरं फळ्यावरून उतरवून होतात. पुस्तक तुम्हाला बदलता येत नाही, भर मात्र बदलता येतो. वर्षाला तीन विषय निवडून प्रत्येकाला सात तासिका द्या आणि उरलेले अकरा धडे दोन-दोन तासिकांत घ्या. हिशेब बरोबर बसतो.

ते तीन विषय निवडताना तीन गोष्टी पाहा. मुलांच्या हातात देता येईल असं साधन मिळतं का? त्या काळात साध्या माणसाचं जगणं बदललं का? आणि हा विषय वगळला तर पुढचे धडे अडतात का? आमच्या मते तिसरी कसोटी सर्वांत मोलाची, आणि नियोजन करताना नेमकी तीच विसरली जाते.

आठवीचंच उदाहरण घ्या. 1818 मध्ये पेशवाई संपली, तिथून शिकवणं थेट 1857 वर जातं आणि पुढे राष्ट्रीय सभेकडे (काँग्रेसकडे) वळतं. खेडेगावात या काळात काय झालं, हे सुटून जातं. म्हणून 1875 चे दख्खनचे दंगे, म्हणजे शेतकऱ्यांचे सावकारांविरुद्धचे उठाव, सविस्तर शिकवावेत असं आम्ही आग्रहाने सांगू. सुरुवात रयतवारीने, म्हणजे सरकारने शेतकऱ्याकडून थेट सारा (जमिनीचा कर) घेण्याच्या पद्धतीने करा : सारा रोखीत आणि ठरलेल्या मुदतीत भरायचा, पीक येवो वा न येवो. मग अमेरिकेतलं यादवी युद्ध, 1861 ते 1865. तिकडचा कापूस बंद झाल्यामुळे इथल्या कापसाला तेजी आली, शेतकऱ्याला सहज कर्ज मिळू लागलं, आणि युद्ध संपताच भाव कोसळले. त्याच दशकात पुणे जिल्ह्यात साऱ्याची फेरआकारणी होऊन तो वाढला. यानंतर कर्जखत (कर्जाचा लेखी करार) म्हणजे काय, ते कोर्टात कसं चालतं हे सांगा. मे 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांकडची कर्जखतं जाळली, तिथे या सगळ्याची गाठ पडते. शेवटी 1879 चा शेतकऱ्यांना कर्जातून दिलासा देणारा कायदा.

यात हमखास होणारी चूक अशी, की वेळ कमी पडला की सारा आणि कापूस गाळले जातात आणि फक्त 'दुष्ट सावकार' उरतो. मग चलाख मूल विचारतं, सावकार तर आधीपासून होते, दंगा 1875 लाच का झाला? त्याचं उत्तर गाळलेल्या भागात असतं.

कमी वेळ दिलेला काळ मुलांना रिकामा वाटू नये, यासाठी वर्गाच्या भिंतीवर कागदी पट्टी लावा. 1 सेंटिमीटरला 10 वर्षं असं माप धरलं तर इ.स.पू. 300 पासून इ.स. 2000 पर्यंत 230 सेंटिमीटर लागतात. शिवरायांचं आयुष्य, 1630 ते 1680, त्यावर 5 सेंटिमीटर भरतं आणि 1857 ते 1947 हा काळ 9. सातवाहनांच्या अखेरीपासून 1630 पर्यंतचं अंतर मात्र जवळजवळ 140 सेंटिमीटर! त्यात वाकाटक, चालुक्य, राष्ट्रकूट, शिलाहार, यादव, बहमनी यांची नावं तरी मुलांनी स्वतः लिहावीत आणि वेरूळचं कैलास लेणं आठव्या शतकात चिकटवावं. पट्टीवर दोन ठिकाणी गडबड होते. इसवी सनापूर्वीची वर्षं उलटी मोजायची असतात, आणि सतरावं शतक 1601 ला सुरू होतं, 1700 नंतर नाही.

प्रश्न : शिवचरित्र चौथीत झालेलं असताना सातवीत पुन्हा तोच काळ कशाला? आमच्या मुलीच्या वर्गात तर शिवपूर्वकालाचे धडे दोन दिवसांत उरकले. (एक पालक, नाशिक)

उत्तर : चौथीत गोष्ट कळते, सातवीत तिची कारणं कळायला हवीत, आणि ती त्या उरकलेल्या धड्यांत आहेत. शिवनेरी 1630 मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीत होता. 1636 मध्ये निजामशाही बुडाली आणि तिचा मुलूख मुघल व आदिलशाही यांनी वाटून घेतला. शहाजीराजांनी निजामशाही, मुघल, पुन्हा निजामशाही आणि शेवटी आदिलशाही अशी चाकरी का बदलली, हे या उलथापालथीशिवाय समजत नाही. 1630 च्या भीषण दुष्काळाने गावं ओस पडली होती, हेही सांगायला हवं, म्हणजे वस्ती पुन्हा बसवण्याचं मोल कळतं. देशमुख, देशपांडे आणि पाटील यांना वतनाने, म्हणजे वंशपरंपरेने चालणाऱ्या हक्काने, काय मिळत होतं, एवढ्यासाठी एक अख्खी तासिका द्यावी. वतनदारी समजली की वतनदारांवर स्वराज्याचा अंमल बसवणं किती अवघड होतं, हे मूल आपणहून सांगतं.

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. इथल्या शाळेत भारताचा इतिहास कितपत येतो? (एक पालक, लेस्टर)

उत्तर : ते बरंचसं शाळेवर अवलंबून आहे. तिथल्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात 11 ते 14 वयोगटासाठी मोठे कालखंड ठरलेले आहेत, पण नाव घेऊन सक्तीचा केलेला विषय एकच, ज्यूंचा वंशसंहार. बाकीची यादी सुचवलेल्या उदाहरणांची असते, आणि जगातल्या एका समाजाच्या अभ्यासासाठी मुघल भारत हे त्यातलं एक उदाहरण. प्राथमिक टप्प्यावर प्राचीन संस्कृतींमध्ये सिंधू संस्कृतीचा पर्याय आहे, पण शाळा इजिप्तही निवडू शकते. अकॅडमी शाळांवर (सरकारी पैशावर चालणाऱ्या, पण स्थानिक प्रशासनाच्या ताब्यात नसलेल्या शाळांवर) तर हा अभ्यासक्रम बंधनकारकच नाही. म्हणून शाळेकडे त्या वर्षाच्या विषयांची यादी मागा, आणि चौदाव्या वर्षानंतर इतिहास सोडता येतो, हे ध्यानात ठेवा.

प्रश्न : मराठवाडा मुक्तिसंग्रामाला पुस्तकात थोडीच जागा आहे. आमच्या भागातल्या मुलांना तो किती शिकवावा? (एक शिक्षक, नांदेड जिल्हा)

उत्तर : वर सांगितलेल्या तीन सविस्तर विषयांपैकी एक तुम्ही यालाच द्या. सुरुवात 13 सप्टेंबर 1948 पासून, म्हणजे भारतीय सैन्य निजामाच्या हैदराबाद संस्थानात शिरलं त्या दिवसापासून करू नका, 1938 पासून करा; मराठवाडा तेव्हा याच संस्थानात होता. त्या वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह झाला आणि विद्यार्थ्यांची वंदे मातरम् चळवळ उभी राहिली. पुढे स्वामी रामानंद तीर्थांचं नेतृत्व, निजाम आणि भारत सरकार यांच्यातला नोव्हेंबर 1947 चा 'जैसे थे' करार, रझाकारांचे (निजामाच्या बाजूच्या सशस्त्र संघटनेचे) अत्याचार, आणि मग चार-पाच दिवसांची पोलीस कारवाई व 17 सप्टेंबरची निजामाची शरणागती. पोलीस कारवाईनंतर मुसलमानांवर झालेला हिंसाचारही वगळू नये. भारत सरकारने पाठवलेल्या सुंदरलाल समितीने तो नोंदवलेला आहे. आठवीत तो दोन वाक्यांत सांगावा, नववी-दहावीत चर्चेला घ्यावा.

गावातल्या वृद्धांच्या आठवणी आत्ताच नोंदवून घ्या, कारण 1948 मध्ये दहा वर्षांचं असलेलं माणूस आज पंच्याऐंशीच्या पुढे आहे. मुलांनी जाताना पाचच प्रश्न न्यावेत : तेव्हा वय किती, घर कुठे, शाळेत भाषा कोणती, घरातलं कोणी गाव सोडून गेलं का, आणि 17 सप्टेंबरची बातमी कशी कळली. 'रझाकारांनी काय केलं?' अशी थेट सुरुवात केली, तर माणसं ऐकीव गोष्टच सांगतात. स्वतः पाहिलेलं आणि ऐकलेलं वहीत दोन वेगळ्या रकान्यांत लिहायला लावा.