खाल्लं तर खाल्लं, स्वतःला शिव्या कशाला?

यावेळी खाण्यापिण्याबद्दलचे प्रश्न बरेच आलेत, त्यातले चार घेते. नावं कुणाचीच देत नाही, गावं तेवढी ठेवलीत.

टिळकवाडी, वय ३६ : सकाळी ओट्स, दुपारी काकडी-टोमॅटो, भात-भाकरी सगळं बंद केलंय. दिवसभर जमतंय, पण रात्री सगळी झोपली की फ्रिजसमोर उभ्या उभ्या चमच्याने कुंद्याचा (बेळगावची खव्याची मिठाई) अर्धा डबा संपतोय आणि मग रडू येतंय. माझ्यात कंट्रोलच नाही काय हो?

अक्का, कंट्रोल तुमच्यात गरजेपेक्षा जास्तच आहे, घोळ तिथंच आहे की. दिवसभर काकडीवर काढल्यावर रात्री शरीर वसुलीला येणारच, आणि तेव्हा ते काकडी मागत नाही, खवा-साखरच मागतं. १९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटाला ३६ धडधाकट तरुणांवर एक प्रयोग झाला, जवळजवळ सहा महिने त्यांना रोज सरासरी १५७० कॅलरी देऊन ठेवलं. निवडून घेतलेली, मनानं घट्ट पोरं होती ती, पण बघता बघता दिवसरात्र जेवणाचंच बोलायला लागली, रेसिपीची पुस्तकं चाळायला लागली, ताटं चाटायला लागली, आणि प्रयोग संपल्यावर पोट भरलं तरी काहींची भूक काही केल्या जाईना. आता तुमच्या डाएट चार्टची बेरीज करा एकदा, मला तर वाटतंय १५७० सुद्धा होणार नाहीत.

तेव्हा कुंदा नंतर बघू, आधी दुपारचं जेवण सुरू करा. भाकरी, उसळ, दही, वर शेंगाचटणी, आणि काकडी पाहिजे तर बाजूला. पाचच्या सुमाराला मूठभर फुटाणे नाहीतर भडंग. कुंदा खायचाय ना, मग जेवण झाल्यावर वाटीत घ्या, बसा आणि सगळ्यांसमोर खा. चोरून घाईनं गिळताना तो रवाळ खवा, त्याचा तो भाजका वास, काही कळतच नाही, म्हणून अर्धा डबा संपला तरी खाल्ल्यासारखं वाटत नाही.

आणि रडण्याचं. बऱ्याच जणींना वाटतं स्वतःला बोललं नाही तर आपण सुटूच. उलट आहे. २००७ साली छापून आलेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्याच वेक फॉरेस्ट विद्यापीठात कॉलेजच्या मुलींना आधी डोनट खायला दिला, मग त्यातल्या काहींना सांगितलं, एवढं मनाला लावून घेऊ नका, सगळेच खातात. डाएटवाल्या मुलींपैकी ज्यांना हे सांगितलं त्यांनी नंतर समोर ठेवलेल्या गोळ्या-चॉकलेटं कमी खाल्ली. रात्रीचं खाणं लगेच थांबणार नाही, थोडे आठवडे जातील, तोवर दुसऱ्या दिवशी उपास मात्र करू नका, चक्र तिथूनच परत फिरतं.

निपाणी, कॉलेजला : लग्नात सगळ्या बायका "केवढी सुटलीस गं" म्हणाल्या. तेव्हापासून जेवले की बाथरूममध्ये जाऊन उलटी काढते. घरात कुणालाच माहीत नाही.

बाळा, लिहिलंस ते फार बरं केलंस. हा हट्ट नाही की नाटक नाही, आजार आहे, आणि त्याला उपचार आहेत. सारख्या उलट्यांनी रक्तातलं पोटॅशियम उतरतं, हृदयाचे ठोके बिघडू शकतात, म्हणून या आठवड्यातच डॉक्टरांना खरं काय ते सांग आणि रक्त तपासून घे. चक्कर आली, छातीत धडधडलं तर थेट हॉस्पिटल. उलटी झालीच तर लगेच ब्रश नको, पाण्यानं चूळ भर, नाहीतर दात झिजतात. १४४१६ हा सरकारचा टेलि-मानसचा नंबर, फुकट आहे, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. घरात निदान एकाला सांग, आईला जमत नसेल तर आत्याला, दादाला, कुणालाही.

(आणि वाचणाऱ्या मावश्या-काकवांनो, लग्नात अक्षता टाकायला जा, वजनकाटा घेऊन कशाला जाताय?)

हुक्केरी : पोरांच्या ताटात उरलेलं मीच संपवते, टाकवत नाही. भूक नसली तरी.

पोटात ढकललं म्हणून ते काही सत्कारणी लागत नाही हो वहिनी. पोरांना पहिल्यांदा कमीच वाढा, मागतील तेव्हा परत द्या. आणि तुम्ही शेवटी उरलंसुरलं खायला बसू नका, त्यांच्याबरोबरच ताट घेऊन बसा. निम्मा प्रश्न तिथंच सुटतोय.

खानापूर, वय ५२, शेती : शुगर निघाल्यापासून बायकोनं भात बंद केलाय. आमच्यात दोन्ही वेळा भात, त्याशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही. कधी कधी गोळी घेऊन न जेवताच शेताला जातो, म्हणजे शुगर लवकर उतरेल.

दादा, ते न जेवता जाणं आजपासून बंद. ग्लिमेपिराइडसारखी गोळी असेल तर उपाशीपोटी शुगर एकदम खाली जाते, घाम सुटतो, हातपाय थरथरतात, माणूस बांधावर पडला तर बघायला कोण? खिशात साखरेची पुडी ठेवा. असं झालं तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर परत घ्या आणि मग जेवाच. गोळी कुठली आहे ते डॉक्टरांना विचारून ठेवा.

भात खा की! एक वाटी, पण शेवटी. आधी पालेभाजी, उसळ किंवा मासा, मग भात, या क्रमानं खाल्लं की जेवणानंतरची शुगर कमी चढते. वर दहा-पंधरा मिनिटं अंगणात चाला. ग्लुकोमीटर असेल तर जेवायला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी बघा, एक वाटी सोसते की अर्धीच ते तुमचं तुम्हालाच कळेल. वहिनींना म्हणावं भात वाढा, पहारा नको. तीन महिन्यांची शुगर दाखवणारी टेस्ट पुढच्या वेळी केली की आकडा कळवा, मागचा पण पाठवा.